पाणलोट पाहून गावाचे पाण्याचे नियम कसे बसवावेत?

माळरान (धागाकर्ता)

अवर्षणप्रवण पट्ट्यातलं गाव. सरासरी पाऊस साडेचारशे मि.मी., शिवार हजार हेक्टरच्या आतबाहेर, खडक बेसाल्ट. माथ्यावरचे सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच उंचीवर खणलेले), घळींतले अनगड दगडी बांध आणि खालचे दोन माती नाला बांध पुरे झालेत. विहिरींना पाणी दिसू लागलं तशी नव्या बोअरची आणि उसाची बोलणी सुरू झाली आहेत. येत्या ग्रामसभेत पाणीवापराचे नियम मांडायचे आहेत.

पाणलोटाच्या, म्हणजे एकाच नाल्याला पाणी उतरतं त्या क्षेत्राच्या कामाच्या प्रशिक्षणांत एक विचार नेहमी मांडला जातो. निसर्ग ज्या क्रमाने काम करतो, त्याच क्रमाने गावातला बदल घडवावा: आधी माथा मग पायथा, आधी ओघळ मग नाला, आधी गवत मग झाड. जमिनीच्या कामात हे पटतं. माणसांच्या व्यवहारात ते किती ताणावं, हे ठरवायचं आहे. नेमके तीन प्रश्न:

१. नियमांची हद्द कोणती धरावी? महसुली गाव, पाणलोट, वस्ती की आणखी काही?
२. पाण्याचा ताळेबंद प्रत्यक्षात कसा मांडायचा, आणि तो पंप चालवणाऱ्याला कळेल असा कसा सांगायचा?
३. चराईबंदीचा भार माथ्यावरच्या लोकांवर पडतो आणि पाणी पायथ्याच्या विहिरींत येतं. यावर कुठे काय तोडगा काढला गेला आहे?

भूजलमापक

हद्दीचं आधी बघू, कारण ती चुकली तर पुढचं गणितही चुकणार.

पाणलोटाची हद्द जमिनीच्या उतारावरून निघते, भूजलाची खडकाच्या थरांवरून. दोन्ही एकच असतील असं धरून चालू नका. दख्खनच्या बेसाल्टमध्ये लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले आहेत. थराचा वरचा भाग बहुधा जाळीदार, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. तळाशी घट्ट काळा पाषाण. दोन थरांमध्ये कुठे कुठे गेरूची तांबडी पट्टी. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. या खडकातून उपसता येईल असं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के, म्हणजे घनमीटरभर भरलेल्या खडकामागे १० ते ३० लिटर. म्हणून आपल्याकडच्या विहिरी पावसात झपाट्याने चढतात आणि फेब्रुवारीनंतर तितक्याच झपाट्याने उतरतात.

मे महिन्यात विहिरीच्या काठावर उभं राहून आतल्या भिंती नीट बघा. मुरूम किती फुटांवर संपतो, गेरूची रेघ कुठे आहे, ओल नेमकी कोणत्या सांध्यातून पाझरते, सगळं उघडं दिसतं. हीच नोंद गावातल्या प्रत्येक विहिरीची घ्यायची: काठाची समुद्रसपाटीपासून उंची (मोबाइलवर अवलंबून राहू नका, ऑटो लेव्हल हे सर्वेक्षणाचं यंत्र लावा), एकूण खोली, थरांची खोली, पाण्याची पातळी. पातळी सगळ्या विहिरींची दोन-तीन दिवसांतच मोजायची, तीही पहाटे, रात्रभर पंप बंद ठेवून. पंप चालू असताना घेतलेला आकडा टाकून द्यावा लागतो.

मग नकाशावर बघा. ज्या विहिरींत तांबडी रेघ जवळपास एकाच उंचीला सापडते आणि पातळीही बरोबरीने उतरते, त्या बहुतेक एकाच जलधरावर (पाणी धरणाऱ्या खडकाच्या थरावर) आहेत. खात्रीसाठी त्यातल्या एका विहिरीचा पंप सलग पाच-सहा तास चालवा आणि शेजारच्या विहिरींची पातळी दर अर्ध्या तासाला मोजा. जी उतरते ती जोडलेली. अशा जोडलेल्या विहिरींचा एक गट करावा, आणि उपशाचे नियम त्या गटाला लावावेत. एका गावात असे दोन-तीन गट निघू शकतात. एखादा गट शेजारच्या गावातही शिरतो, तेव्हा त्या शेतकऱ्यांना बैठकीला बोलावल्याशिवाय नियम करू नये. हद्दीबाहेरचा एक पंप आतल्या पन्नास माणसांचा संयम वाया घालवतो.

एकदा नकाशा झाला की पातळ्या वर्षातून चार वेळा घ्या: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहता येतात.

दोन धोके आत्ताच सांगतो. पहिला नाला खोलीकरणाचा. यंत्र लावून नाला मांजऱ्याच्या खाली उतरवला की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी नाल्यात निघून येतं. पावसाळ्यानंतर नाला भरलेला दिसतो आणि गाव खूश होतं, पण ते पाणी विहिरींतलंच असतं. दुसरा बोअरचा. केसिंग पाइप जेमतेम मुरूम संपेपर्यंत घातलेला असतो. त्याखाली भोक उघडं राहतं आणि वरच्या थरातलं पाणी त्यातून खालच्या थरात उतरत जातं. बोअर कोरडा गेला आणि कोणी त्याला हातही लावला नाही, तरी शेजारची विहीर आटू शकते. म्हणून फेल गेलेले बोअर उघडे ठेवू नयेत, चिकणमाती आणि सिमेंट भरून बंद करावेत. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहे, तो ठरावात मुद्दाम नमूद करा.

डोंगरकपार

तिसऱ्या प्रश्नावर.

माथ्यावर काम आधी का करतात? तिथे पाण्याचा वेग आणि साठा दोन्ही लहान असतात, हातांनी आवरता येतात. माथा मोकळा सोडून खाली बंधारा बांधला की दोन-तीन पावसांत तो गाळाने भरतो. ६० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. खोल चराच्या १०० मीटर लांबीत एका भरण्याला १८ घनमीटर पाणी थांबतं, म्हणजे १८ हजार लिटर. असे शेकडो चर मिळून नाल्याचा पूर तोडतात.

पण त्याच माथ्यावर कोण वावरतं, हेही पाहिलं पाहिजे. गायरान आणि वनजमीन तिथेच असते. तिच्यावर भूमिहीनांच्या शेळ्या, धनगरांची मेंढरं आणि सरपणाची मोळी आणणाऱ्या बाया जगतात. गवत यायला दोन-तीन वर्षं जातात. ती दोन-तीन वर्षं कोणाच्या पोटातून काढायची, हे ठरवलं नाही तर चराईबंदी रात्री मोडली जाते, आणि मोडणाऱ्याला दोष देता येत नाही.

करण्यासारखं:

सगळा डोंगर एकदम बंद करू नका. तीन पट्टे पाडा. पहिली दोन वर्षं एक पट्टा बंद, दोन खुले. त्यात गवत धरलं की तो कापणीसाठी उघडायचा आणि दुसरा बंद करायचा. कापून न्यायचा हक्क घरटी एक विळा असा ठेवा, म्हणजे दहा म्हशीवाला आणि दोन शेळ्यांवाली यांना सारखं मिळतं. कापणी बी झडल्यावर, साधारण दसऱ्याच्या पुढे. त्याआधी कापलं तर पवन्या-मारवेलसारखं चांगलं गवत कमी होत जातं आणि कुसळीच माजते.

फिरत्या मेंढपाळांना बैठकीत जागा द्या. दिवाळीच्या सुमारास त्यांचे वाडे (कुटुंबं आणि कळपांचे तांडे) कोकणाकडे निघतात, पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची वाट चरांनी अडवली जाणार असेल तर पंधरा-वीस मीटर रुंदीची पट्टी मोकळी सोडा आणि एक पाणवठा ठेवा. याच मेंढरांना शेतात बसवून गावाला खत मिळतं, त्यामुळे हा करार शेतकऱ्यांच्याही फायद्याचा आहे.

चरांच्या मातीवर पहिल्या वर्षी झाडं लावायची घाई नको. उघड्या मुरमावर रोप जगत नाही, जगलंच तर पाणी घालून घालून. आधी स्टायलो (चाऱ्याची वनस्पती) आणि मारवेल, मग बोर-हिवरासारखी काटेरी झुडपं आपोआप येऊ द्यायची. त्यांच्या आडोशाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी कडुनिंब, शिरीष, आवळा. हाच क्रम नियमांनाही लागू पडतो, असं माझं ठाम मत आहे. ज्या नियमाने कोणाचं फारसं नुकसान होत नाही आणि फायदा सगळ्यांना दिसतो, तो आधी: उदाहरणार्थ पिण्याच्या विहिरीभोवती नवा उपसा नको. ऊस आणि बोअरवरचा नियम त्यानंतर. हिवरे बाजारला ऊस-केळी आणि सिंचनाच्या बोअरवरची बंदी टिकली, तिच्याखाली श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदीची काही वर्षांची सवय होती. इतर गावं शेवटचा नियम उचलतात, आधीचे थर सोडून देतात, आणि मग आमच्याकडे लोकच तसे नाहीत असं म्हणतात.

माळरान

दोघांचेही आभार. विहिरींचा गट ही कल्पना आधी डोक्यात नव्हती, तिने हद्दीचा प्रश्न बराच सुटतो. ताळेबंदाचं उदाहरण कोणी आकड्यांसकट मांडेल का? घरं साधारण ३००, माणसं १,५००, मोठी जनावरं ८००, शेळ्या-मेंढ्या १,०००. जोडलेल्या विहिरींखालचं क्षेत्र ४०० हेक्टर धरू.

पाऊसवही

मांडतो. विहिरींच्या पातळीवरून काढलेला हिशोब पावसावरून काढलेल्यापेक्षा भरवशाचा, म्हणून तोच घेतो.

जमा: क्षेत्र × पातळीतली वाढ × खडकाची पाणी देण्याची क्षमता. मे ते ऑक्टोबर सरासरी ४ मीटर वाढ आणि क्षमता २ टक्के धरली तर ४०,००,००० चौ.मी. × ४ × ०.०२ = ३,२०,००० घनमीटर, म्हणजे ३२० टीसीएम (हजार घनमीटर). हे ऑक्टोबरच्या सुरुवातीचं शिल्लक पाणी.

खर्च, याच क्रमाने:

माणसं: १,५०० × ५५ लिटर × ३६५ दिवस = ३० टीसीएम.
जनावरं: मोठी ८०० × ५० लिटर आणि लहान १,००० × ५ लिटर, वर्षाचे मिळून साडेसोळा टीसीएम. १७ धरा.
नाल्यात आपोआप झिरपून जाणारं: २० टक्के, ६४ टीसीएम. हे लोक हमखास विसरतात. नाला डिसेंबरपर्यंत वाहता राहतो तो याच पाण्यावर. ते वजा केलं नाही तर मार्चमध्ये हिशोब तुटतो.
पुढचा पाऊस लांबला तर राखीव: १० टक्के, ३२ टीसीएम.

उरले १७७ टीसीएम. रब्बी आणि उन्हाळी पिकांना एवढंच.

आता पिकं. हरभरा दोन पाण्यांवर हेक्टरी साधारण १,५०० घनमीटर. रब्बी ज्वारी एका संरक्षित पाण्यावर ७५०. कांदा ६,०००. गहू ४,५००. ऊस पाटपाण्यावर २०,००० आणि वर.

५० हेक्टर हरभरा = ७५ टीसीएम. ३० हेक्टर ज्वारी = साडेबावीस. १० हेक्टर कांदा = ६०. बेरीज १५७.५ टीसीएम. उरलेले १९.५ चाऱ्याला. याच पाण्यात ऊस लावला तर नऊ हेक्टरांत सगळं संपतं, आणि नऊ हेक्टर म्हणजे चार-पाच घरं. ग्रामसभेत हीच दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. भाषणाची गरज पडत नाही.

घनमीटर कोणालाच कळत नाही, पंपाचे तास कळतात. त्यासाठी २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. ३६ सेकंद लागले तर सेकंदाला साडेपाच लिटर, तासाला २० घनमीटर. ५ अश्वशक्तीचा पंप तीसेक मीटरवरून उपसत असेल तर आकडा याच्या आसपास येतो. मग हेक्टरी १,५०० घनमीटर म्हणजे ७५ तास, एकरी ३० तास. प्रत्येक पंपाचं माप वेगळं घ्या, आणि ऑक्टोबरात व मार्चमध्ये दोनदा घ्या, कारण पातळी उतरली की त्याच पंपाचं पाणी घटतं. पंपाला तासमोजणी मीटर बसवला तर वाद मिटतात. वीज कधी किती वेळ होती यावरून तास काढू नका, लोक वीज असूनही पंप लावत नाहीत आणि उलटही होतं.

तारखा फार महत्त्वाच्या. बहुतेक गावं ताळेबंद ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात मांडतात, तोवर पूर्वहंगामी ऊस लागलेला असतो आणि रांगड्या कांद्याची रोपं शेतात उभी असतात. बियाण्यावर खर्च झालेल्या माणसाला थांबवता येत नाही. १५ सप्टेंबरला कच्चा अंदाज, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पक्का, असं दोनदा करा. तुमच्या पट्ट्यात सप्टेंबरचाच पाऊस मोठा असतो, त्यामुळे त्याआधीचा आकडा पक्का मानू नका.

आणि कमी पावसाच्या वर्षी काय कापायचं, हे चांगल्या पावसाच्या वर्षीच लिहून ठेवा. निरीक्षण विहिरींची ऑक्टोबरची सरासरी वाढ ४ मीटर असेल तर वरचा हिशोब, ३ मीटर असेल तर कांदा नाही, २ मीटर असेल तर फक्त ज्वारी, चारा आणि थोडा हरभरा. टंचाईत बसून हे ठरवायला गेलं की ज्याचं पीक उभं तोच मोठ्याने बोलतो.

पाटकरी

पाऊसवहींच्या शेवटच्या मुद्द्याला जुना आधार आहे. धुळे-नाशिकच्या भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत पिढ्यान्पिढ्या चालली. बंधाऱ्याखालचं भिजणारं क्षेत्र मोठ्या पट्ट्यांत, म्हणजे फडांत वाटलेलं. एका फडात त्या हंगामाला एकच प्रकारचं पीक, आणि फडांचा क्रम दरसाल फिरता. शेतकऱ्याच्या जमिनी साधारणपणे निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या. नदीला पाणी कमी आलं की कमी फड भिजवायचे. यातली सगळी ताकद इथे आहे: टंचाई एका कोपऱ्यातल्या चार जणांवर कोसळत नाही, प्रत्येकाचं थोडं क्षेत्र कोरडं राहतं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला लाभधारकांकडून. पाणी सोडणारा माणूस शेतकऱ्यांच्या पैशावर, शेतकऱ्यांना जबाबदार.

विहिरींच्या गावात फड जसाच्या तसा बसणार नाही. पण दोन गोष्टी घेता येतात. एक, गटातली एकाच पिकाची शेतं शक्यतो लागून ठेवा. पाळीचं पाणी कमी अंतर जातं आणि चोरून लावलेला ऊस लांबून दिसतो. दोन, पाणी वाटणाऱ्याला मानधन द्या. फुकट काम करणारा पहिल्या भांडणात बाजूला होतो.

समवाटप

या धाग्यात एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी असं वाटतं. कामाचा क्रम, हद्द, वेग, मोजमाप हे निसर्गाकडून घ्यावं. वाटप घेऊ नये.

पाणी उताराने जातं. ते आपोआप नाल्याकाठच्या काळ्या जमिनीत पोहोचतं, आणि ती जमीन बहुतेक गावांत कोणाची आहे हे सगळ्यांना माहीत आहे. माथ्यावर चर खणायला आलेल्यांत भूमिहीन जास्त आणि फायदा नाल्याकाठी. ‘निसर्गाची रीत’ म्हणून हे चालू दिलं तर पाणलोट विकासाने विषमता वाढते. आपल्या समाजात माणसांची पायरी ठरवतानाही निसर्गनियमाचा आधार शतकानुशतकं दिला गेला आहे, त्यामुळे गावाच्या सभेत हा शब्द वापरताना फार जपून वापरावा.

यावर काम झालेलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम उतार बघत नाहीत: पाण्याचा हक्क जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, पाच जणांच्या घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. योजनेच्या खर्चाचा २० टक्के हिस्सा लाभधारकांचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही.

दुसरं उदाहरण हरियाणातल्या सुखोमाजरीचं, चंदीगडजवळचं. सुखना तलावात गाळ कुठून येतो याचा शोध घेत १९७० च्या दशकात पी. आर. मिश्रा तिथे पोहोचले, आणि वरच्या टेकड्यांवरच्या चराईशी तो जोडलेला निघाला. लोकांनी चराई आवरली ती धरणाच्या पाण्यात प्रत्येक घराला सारखा वाटा मिळाल्यावर, जमीन असो वा नसो. ज्याला शेत नाही त्याला आपलं पाणी दुसऱ्याला देऊन मोबदला घेता येई. त्यालाच तिथे सामाजिक कुंपण म्हटलं गेलं. डोंगरकपार म्हणतात तो पोटाचा प्रश्न असा सुटला.

तुमच्या आकड्यांत हे असं दिसेल. १७७ टीसीएम भागिले ३०० घरं = घरटी ५९० घनमीटर. पाऊसवहींच्या ड्रमच्या मापाने जवळपास ३० तास पंप, म्हणजे एक एकर हरभरा. भूमिहीन घर ते वाट्याने केलेल्या शेताला लावेल किंवा ग्रामसभेने ठरवलेल्या दराने दुसऱ्याला देईल.

माळरान

इथेच अडतं. विहिरी खाजगी आहेत. ज्याने कर्ज काढून विहीर खणली तो म्हणणार, माझ्या विहिरीतलं पाणी शेजाऱ्याला का?

समवाटप

रास्त आक्षेप आहे, आणि तो डावलून केलेला ठराव टिकणार नाही. पाणी पंचायतीच्या उपसा योजना सामाईक होत्या, म्हणून तिथे समान वाटा बसवणं त्या मानाने सोपं गेलं. खाजगी विहिरींच्या गावात तीन गोष्टी करता येतील.

समान वाटा सगळ्या पाण्याला लावू नका, वाढलेल्या पाण्याला लावा. बांध-चरांवर सरकारचा पैसा आणि सगळ्यांचं श्रमदान लागलंय, त्यामुळे वाढीवर सगळ्यांचा दावा कोणी नाकारू शकत नाही. कामाआधीच्या पातळ्या तुमच्याकडे नसतील तर तालुक्यातल्या सर्वात जवळच्या सरकारी निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदी भूजल यंत्रणेकडून मागून घ्या. सारख्या पावसाची दोन वर्षं निवडा, एक कामाआधीचं, एक नंतरचं, आणि फरक काढा. वेगवेगळ्या पावसाची वर्षं ताडली तर तो आकडा पहिल्याच सभेत उडवला जाईल.

विहीरमालकाला वीज, पंपाची झीज आणि देखभाल यांचा तासाचा दर द्या. पाण्याची किंमत मात्र त्याला नाही. ही दोन्ही वाक्यं ठरावात वेगवेगळी लिहा.

नव्याने खणायच्या असतील त्या विहिरी गटाच्या नावाने, सामाईक. चार-पाच भूमिहीन आणि अल्पभूधारक घरांचा एक गट, माती नाला बांधाच्या खालच्या अंगाला, नाल्यापासून अंतर राखून.

भूजलमापक

समवाटप यांच्या यादीत एक भर. प्लास्टिकच्या अस्तराची शेततळी विहिरीतून भरायला बंदी घाला. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावतं. नोव्हेंबर ते मे या काळात त्यावरून मीटरभर पाणी सहज उडून जातं, म्हणजे पाचशेपासून साडेआठशे घनमीटरपर्यंत, तळं किती भरलेलं ठेवलं त्यावर अवलंबून. जमिनीखालचं सामाईक पाणी वर काढून एकाच्या नावावर करायचं आणि त्यातलं चौथा-तिसरा हिस्सा उन्हाला द्यायचा, असा हा प्रकार आहे. नियम जमिनीवरच्या वाहत्या पाण्याने भरलेल्या तळ्यांना लागू करू नका, ती उपयोगाची आहेत. फरक ओळखायला सोपं: फेब्रुवारीत तळ्याची पातळी चढत असेल तर ते विहिरीवर चालू आहे.

डोंगरकपार

ठरावाच्या कामकाजाबद्दल, कारण चांगले नियम तिथे पडतात.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती सह्यांपुरती उरकू नका. पाणी कोण भरतं आणि सरपण कोण आणतं हे बघता पिण्याच्या विहिरीचं संरक्षण आणि कुरणाचे पट्टे हे दोन विषय तिथेच ठरवून मुख्य सभेत न्या. गणसंख्या १५ टक्के मतदार किंवा १०० यांतली कमी असेल ती. गणसंख्येअभावी तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेत हा ठराव करू नका, कायद्याने चालत असलं तरी. बोअरवाल्याला पहिला मुद्दा तोच सापडतो.

दंड चढता ठेवा. पहिल्यांदा नाव फळ्यावर आणि समज. दुसऱ्यांदा जेवढे तास जास्त पंप चालवला तेवढे पुढच्या पाळीतून वजा. तिसऱ्यांदा पैसे. थेट मोठ्या रकमेचा दंड ठेवला की समिती तो लावायला कचरते, आणि एकदा न लावलेला दंड कायमचा गेला.

फळा चावडीवर, दुधाच्या संकलन केंद्राजवळ असेल तर आणखी बरं, दोन्ही वेळा गाव तिथे येतं. त्यावर पावसाचा आकडा, गटाच्या निरीक्षण विहिरींची पातळी आणि उरलेले टीसीएम, दर महिन्याच्या एक तारखेला. पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठला, शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांकडे दिली तर खंड पडत नाही. सुट्टीतल्या पावसासाठी मात्र नाव ठरवून ठेवा. मेमधला वळीव नेहमी नोंदीतून सुटतो, आणि तो धरला नाही तर मेच्या पातळीत आलेली वाढ कुठून आली ते कळत नाही.

पाऊसवही

पहिल्या वर्षी सगळं एकदम लावू नका. यंदा फक्त मोजणी, फळा आणि नवे बोअर थांबवणं. पुढच्या ऑक्टोबरला आपला अंदाज आणि मेमधली खरी पातळी यांतला फरक सभेत दाखवा. फरक वीस टक्क्यांच्या आत आला तर पीकवार तास लावायला हरकत नाही. जास्त आला तर बहुधा खडकाची क्षमता चुकीची धरलेली असते, २ टक्क्यांऐवजी दीड घालून हिशोब परत करा. लांबचे बोअर गटातूनच उपसत असतील तरी असाच फरक येतो, म्हणून आधी त्यांची जोडणी तपासा आणि मगच आकडा बदला.